दुसऱ्याच्या कोडवर कॉपीलेफ्टची सत्ता किती?

कॉपीलेफ्ट परवान्यांविरुद्धची तक्रार थोडक्यात अशी. एका प्रोग्रामरने स्वतःच्या मेहनतीने पन्नास हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्यात सोय म्हणून दुसऱ्याची पाचशे ओळींची लायब्ररी घेतली. ती लायब्ररी जीपीएल या परवान्याखाली आहे. आता हा प्रोग्राम लोकांना द्यायचा किंवा विकायचा, तर सबंध प्रोग्राम जीपीएलखालीच द्यावा लागतो. म्हणजे घेणाऱ्याला सोर्स कोड द्यायचा, वर त्यात बदल करायची आणि तो पुढे वाटायची मुभाही द्यायची. पाचशे ओळींच्या धन्याने पन्नास हजार ओळींच्या धन्याला अटी घालाव्यात, हा कुठला न्याय?

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटले, ते याच गुणावर बोट ठेवून. त्यात धंद्याचा हिशेब होता, हे सांगायला नको. पण तेवढ्याने प्रश्न निकालात निघत नाही. बीएसडीच्या परंपरेतले लोकही हीच तक्रार करतात, आणि ते तर आपला कोड कुणालाही, कशासाठीही, जवळजवळ विनाअट देऊन टाकणारे. विरोधक आणि शेजारी दोघेही एकाच गोष्टीबद्दल कुरकुरत असतील तर ती तपासून पाहायला हवी.

तपासू लागले की दिसते, इथे तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. परवाना दुसऱ्याच्या स्वतंत्र कोडला खरोखर हात लावतो का, हा पहिला. दोन कोड एकत्र आले की त्यांची 'एक कृती' नेमकी कुठे होते, हा दुसरा. आणि अट घालणारा स्वतः त्या अटीने बांधलेला आहे का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर 'नाही' असे आहे. दुसऱ्याच्या बाबतीत कॉपीलेफ्टच्या कैवाऱ्यांनी कधीकधी कायद्याने मिळते त्याहून जास्त मागितले आहे. खरा अन्याय सापडतो तो तिसऱ्यात, आणि तक्रार करणारे नेमके तिकडे फारसे पाहत नाहीत.

परवान्याचा पाया

कुठलाही परवाना कॉपीराइट कायद्यावर उभा असतो. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' धरली जाते आणि कलम १४ प्रमाणे तिच्या प्रती काढणे, त्या वाटणे, तिचे रूपांतर करणे हे हक्क कर्त्याचे असतात. परवाना नसेल तर दुसऱ्याला यातले जवळजवळ काहीच करता येत नाही. म्हणून कुठल्याही परवान्याची तुलना करायची ती या शून्याशी. एमआयटी किंवा बीएसडी परवाना शून्यावरून खूप वर नेतो. जीपीएल त्याहून थोडा कमी नेतो, पण वरच नेतो. बाजारातला नेहमीचा बंद परवाना बहुधा फक्त वापराची परवानगी देतो, तीही अटी घालून. पाचशे ओळींची ती लायब्ररी बंद कंपनीची असती, तर पन्नास हजार ओळींच्या धन्याला ती फुकट मिळालीच नसती आणि पैसे मोजूनही तिच्यात बदल करता आला नसता. त्या कंपनीला आपण सहसा अन्यायी म्हणत नाही. जीपीएलला म्हणतो, कारण तो बराच हात पुढे करून मग थांबतो, आणि थांबल्याचा राग जास्त येतो.

जीपीएलचा मजकूर फार कमी लोक वाचतात, त्यावर भांडणारे तर त्याहून कमी. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे की प्रोग्राम चालवण्यावर काहीही बंधन नाही. जे काम सर्वस्वी तुम्ही लिहिले आहे त्यावर हक्क सांगण्याचा या परवान्याचा हेतू नाही, हेही त्यात आहे. मूळ कृतीवर आधारलेल्या किंवा तिच्यासह एकत्र बांधलेल्या कृतीच्या वितरणावर नियंत्रण ठेवणे, एवढाच हेतू असल्याचे तो सांगतो. एकाच डिस्कवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्वतंत्र प्रोग्रामांना तो एक धरत नाही. तुमच्या पन्नास हजार ओळींचा कॉपीराइट तुमचाच राहतो. उद्या ती लायब्ररी काढून टाकलीत, तर त्याच ओळी हव्या त्या परवान्याखाली विकायला तुम्ही मोकळे.

आणि अट मोडली तर? 'जीपीएल चुकून मिसळला तर कंपनीचा सगळा कोड सरकारजमा' अशी एक भीती ऑफिसांतून फिरत असते. कॉपीराइटचा भंग झाला की कायद्याचा नेहमीचा उपाय म्हणजे वितरण थांबवण्याचा आदेश आणि नुकसानभरपाई. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सिटकॉम या कंपनीविरुद्ध, लिनक्सचे डेव्हलपर हराल्ड वेल्टे यांच्या फिर्यादीवर, हेच केले. जीपीएलची अट पाळा, नाहीतर माल वाटू नका. पाळायचे की थांबायचे, ही निवड कंपनीची.

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरची गोष्ट याहून बोलकी आहे. २००३ मध्ये लक्षात आले की त्याच्या आत लिनक्स आहे आणि सोर्स कोड कुठेच नाही. लिंकसिस त्याच वर्षी सिस्कोने विकत घेतली होती. ओरड झाल्यावर जीपीएलखालचा सोर्स कोड बाहेर आला आणि त्यातून पुढे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आजही असंख्य राउटरांवर चालतो. कॉपीलेफ्टचे कौतुक करणारे ही गोष्ट नेहमी सांगतात. ते एक तपशील गाळतात: राउटरमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर तेव्हाही बंदच राहिला. ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी पुढे कित्येक वर्षे तो बंद ड्रायव्हर तसाच वापरला. स्पर्श होईल ते सगळे उघडे करणारा रोग असता, तर तो याच डबीत दिसायला हवा होता.

पहिल्या प्रश्नाला एक जुना मापदंडही आहे. ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्स वितरणासाठी १९९७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, तीच पुढच्या वर्षी ओपन सोर्सची व्याख्या झाली. तिचे नववे कलम म्हणते की परवान्याने इतर सॉफ्टवेअरवर निर्बंध घालू नयेत. उदाहरणार्थ, एकाच माध्यमावरून वाटले जाणारे बाकीचे प्रोग्रामही मुक्तच असले पाहिजेत, अशी अट चालणार नाही. अशी अट काही कल्पनेतली नव्हती. घोस्टस्क्रिप्टच्या एका आवृत्तीचा परवाना खरोखर ती घालत होता, आणि तो या कलमाला उतरला नाही. जीपीएल मात्र उतरतो. डेबियनच्या डिस्कवर जीपीएल, बीएसडी, अपाची, एमआयटी असे नाना परवान्यांचे हजारो प्रोग्राम एकत्र नांदतात आणि कुणी कुणाला बाटवत नाही.

जन्मकथेतला सल

कॉपीलेफ्ट कुठून आले हे थोडे पाहावे लागते, नाहीतर त्याचा हट्ट कळत नाही. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत होते. तिथल्याच लोकांनी काढलेल्या सिम्बॉलिक्स या कंपनीने प्रयोगशाळेच्या लिस्प प्रणालीवर आपल्या सुधारणा केल्या, पण त्या सर्वांना मोकळेपणाने परत मिळेनाशा झाल्या. पुढे आपल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ग्नू ईमॅक्स हा एडिटर लिहिताना स्टॉलमन यांनी जेम्स गॉस्लिंग यांच्या ईमॅक्समधला काही भाग घेतला. गॉस्लिंग यांनी आपल्या प्रोग्रामचे हक्क युनिप्रेस या कंपनीला दिलेले होते आणि कंपनीने हरकत घेतली. स्टॉलमन यांना १९८५ मध्ये तो भाग काढून नव्याने लिहावा लागला. १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, ती या पार्श्वभूमीवर. म्हणजे दुसऱ्याच्या कोडवर बंधने घालतो म्हणून बदनाम झालेला हा परवाना लिहिला एका बांधल्या गेलेल्या प्रोग्रामरने. याने परवाना न्याय्य ठरतो असे नाही. दुखावलेला माणूसही जास्तीचे मागू शकतो. स्टॉलमन यांनी ते मागितलेही.

सांधा कुठे आहे?

या सगळ्या वादातला सर्वांत समृद्ध भाग हा, आणि इथे माझी सहानुभूती तक्रारदाराकडे झुकते.

सोपी टोके आधी बाजूला काढू. जीपीएलच्या फाईलमध्येच बदल केले, तर ती साधित, म्हणजे मूळ कृतीवर आधारलेली, कृती, वाद नाही. जीपीएलचा प्रोग्राम निराळा चालतो, माझा प्रोग्राम निराळा, आणि दोघे फाईलींतून किंवा नेटवर्कवरून बोलतात, तर त्या दोन कृती; इथेही सहसा वाद नाही. मधला प्रदेश लिंकिंगचा. माझा प्रोग्राम दुसऱ्याच्या लायब्ररीतली फंक्शने नावाने हाक मारून वापरतो आणि चालताना दोघे एकाच प्रक्रियेत असतात. मग माझा सोर्स कोड, ज्यात त्या लायब्ररीची एकही ओळ नाही, तिच्यावर 'आधारलेला' झाला का?

नेक्स्ट या स्टीव्ह जॉब्स यांच्या कंपनीने जीसीसी हा ग्नूचा कंपायलर घेऊन त्याला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचा पुढचा भाग जोडला. तो भाग नेक्स्टच्या लोकांनी लिहिलेला. कंपनीचा बेत असा की हा भाग केवळ ऑब्जेक्ट फाईलींच्या रूपात द्यायचा आणि जीसीसीशी त्याची जोडणी ग्राहकाने घरी करून घ्यायची. म्हणजे 'एकत्र कृती' आपण वाटतच नाही. स्टॉलमन यांनी हे मान्य केले नाही. शेवटी नेक्स्टने तो भाग जीपीएलखाली दिला. माझ्या मते इथे स्टॉलमन यांची बाजू बळकट होती. तो पुढचा भाग जीसीसीच्या अंतर्गत रचनेत खोलवर विणलेला होता, जीसीसीवाचून त्याला काही अर्थ नव्हता, आणि ग्राहकाच्या घरी जोडणी ही निव्वळ पळवाट होती.

दुसरी गोष्ट १९९२ ची, आणि तिच्यात पारडे उलटे आहे. ब्रूनो हायब्ले यांनी क्लिस्प नावाची लिस्प भाषेची प्रणाली केली होती. टर्मिनलवर ओळ टाइप करताना मागेपुढे जाता यावे, जुन्या आज्ञा परत बोलावता याव्यात, म्हणून ती ग्नूची रीडलाइन ही लायब्ररी वापरत असे. रीडलाइन जीपीएलखाली. स्टॉलमन यांचे म्हणणे, क्लिस्पही जीपीएलखाली यायला हवे. हायब्ले यांनी सुचवले की आपण क्लिस्प अशा रीतीने देऊ की ते रीडलाइनशीही जोडता येईल किंवा तिच्या जागी एका नाममात्र लायब्ररीशीही. ते चालले नाही, आणि वाटाघाटींनंतर हायब्ले यांनी क्लिस्प जीपीएलखाली आणले. ग्नूचे लोक या घटनेकडे विजय म्हणून पाहतात. मी नाही पाहू शकत. सबंध लिस्प भाषा राबवणारी प्रणाली ओळ संपादणाऱ्या एका सोयीवर 'आधारलेली' आहे, हे म्हणायला जीभ रेटत नाही. रीडलाइनसह तयार केलेली, जोडून बांधलेली प्रत वाटायची असेल तर अट रास्त आहे, कारण त्या प्रतीत रीडलाइन प्रत्यक्ष आहे. पण क्लिस्पचा नुसता सोर्स कोड वाटायला, ज्यात रीडलाइनचे एक अक्षर नाही, ती अट लावणे हा कॉपीराइटच्या मर्यादेपलीकडचा दावा होता.

ही मर्यादा न्यायालयांनी नंतर जास्त स्पष्ट केली. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात म्हटले की प्रोग्रामचे कार्य आणि प्रोग्रामिंगची भाषा यांना कॉपीराइटचे संरक्षण नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात जावाच्या इंटरफेसच्या सुमारे साडेअकरा हजार घोषणा-ओळी अँड्रॉइडमध्ये घेणे हा रास्त वापर ठरवला. त्या ओळींना कॉपीराइट मुळात आहे की नाही हा प्रश्न मात्र त्याने बाजूला ठेवला. आपल्या कायद्यातही कलम ५२ चे एक उपकलम आहे, ज्यानुसार स्वतंत्रपणे निर्माण केलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती मिळवणे हा भंग ठरत नाही. कल एका दिशेने आहे: इंटरफेसला हाक मारली म्हणून सगळे लिखाण हाक ऐकणाऱ्याचे होत नाही. या निकालांवर मुक्त सॉफ्टवेअरच्या लोकांनीही समाधानच व्यक्त केले, कारण ग्नू स्वतः युनिक्सच्या इंटरफेसवर उभे आहे. मग तोच न्याय आपल्या लायब्ररींना लागू करताना कचरण्याचे कारण नाही.

लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवॉल्ड्स यांनी या बाबतीत जास्त शहाणपणा दाखवला असे मला वाटते. लिनक्स कर्नलच्या परवान्याच्या फाईलीवरच त्यांनी टीप जोडली: नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारे प्रोग्राम साधित कृती धरले जाणार नाहीत. ही एक टीप नसती तर लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक बंद प्रोग्रामच्या डोक्यावर संशयाची तलवार टांगती राहिली असती. कर्नलच्या आतल्या मॉड्यूलांबद्दल मात्र त्यांनी सरसकट नियम केला नाही. अँड्र्यू फाइल सिस्टिम आधीच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिली गेली होती, तेव्हा ती लिनक्सची साधित कृती म्हणता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. कसोटी इथे जोडणीच्या तंत्राची नाही, उगमाची आहे: हे लिखाण त्या दुसऱ्या लिखाणावाचून जन्मले असते का? सन कंपनीची झेडएफएस ही फाइल सिस्टिमही सोलारिससाठी जन्मली. तिचा सीडीडीएल हा परवानाही एक प्रकारचा कॉपीलेफ्टच, पण जीपीएलशी न जुळणारा. २०१६ मध्ये कॅनॉनिकल या कंपनीने आपल्या उबुंटू १६.०४ या लिनक्स वितरणासोबत तिचे तयार मॉड्यूल दिले, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तो भंग असल्याचे जाहीर केले. दोन्हीकडचा सोर्स कोड उघडा, दोन्हीकडे देण्याची इच्छा, आणि तरी वापरणारा मध्ये अडकलेला. कॉपीलेफ्टने कॉपीलेफ्टलाच अडवावे, ही या व्यवस्थेची खरी किंमत आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

सांधा कधीकधी अगदी अनपेक्षित ठिकाणी निघतो. बायसन हे पार्सर तयार करून देणारे साधन आपल्या निष्पत्तीत स्वतःच्या कोडचा एक सांगाडा घालते. सांगाडा जीपीएलचा, म्हणून सुरुवातीला बायसनने बनवलेला प्रत्येक पार्सर जीपीएलच्या कक्षेत येई. इथे व्याकरण लिहिणाऱ्याची तक्रार शंभर टक्के खरी होती, आणि ग्नूने पुढे अपवाद जोडून ती मिटवली. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण फॉन्टचे. रेड हॅटने प्रसिद्ध केलेले लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट, ज्यांतल्या देवनागरीने लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांची मोठी सोय केली, आधी जीपीएलखाली होते. पीडीएफ फाइल करताना फॉन्ट तिच्यात बसवला जातो. मग तुमचा दिवाळी अंक जीपीएलखाली आला का? असा अर्थ कुणालाच नको होता, पण अक्षरशः वाचला तर शंका उरतेच. म्हणून अशा फॉन्टांसाठी खास अपवाद लिहिले गेले आणि लोहित पुढे ओएफएल या फॉन्टांसाठीच घडवलेल्या परवान्याकडे गेले. ओएफएलही कॉपीलेफ्टच आहे: फॉन्टात बदल केलात तर तो त्याच परवान्याखाली द्या, पण त्यात लिहिलेला मजकूर तुमचा.

म्हणजे सीमा आखता येते, आणि आखल्यावर बहुतेक भांडण मिटते. एलजीपीएल हा जीपीएलचा सौम्य अवतार लायब्ररीच्या काठाशी थांबतो, मोझिलाचा एमपीएल फाईलच्या काठाशी. कॉपीलेफ्टचा दोष सीमा असण्यात नाही. ती धूसर ठेवून त्या धूसरपणाचा दबाव म्हणून वापर करण्यात आहे.

शेजाऱ्यांची तक्रार

बीएसडीच्या लोकांचे दुखणे वेगळे आहे: आमचा कोड तुमच्याकडे जातो, तुमचा आमच्याकडे येत नाही. २००७ साली हे दोनदा उघड्यावर आले. लिनक्समधल्या ब्रॉडकॉम ड्रायव्हरच्या जीपीएल कोडचे तुकडे ओपनबीएसडीच्या ड्रायव्हरात बीएसडी परवान्याखाली दिसले. लिनक्सवाल्यांनी ते खासगीत न सांगता जाहीरपणे मांडले आणि ओपनबीएसडीच्या डेव्हलपरने वैतागून तो ड्रायव्हरच काढून टाकला. त्याच वर्षी ॲथेरॉस चिपच्या ड्रायव्हरात उलटे झाले. ओपनबीएसडीच्या लेखकाच्या फायलींवरची परवान्याची सूचना काढून जीपीएलची लावणारा बदल लिनक्सच्या बाजूने सुचवला गेला. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ दे राट भडकले, आणि योग्यच भडकले. दुसऱ्याची सूचना पुसण्याचा हक्क बीएसडी परवानाही देत नाही. शेवटी सूचना राहिल्या.

पण एकतर्फी प्रवाहाची मूळ तक्रार मला टिकणारी वाटत नाही. बीएसडी परवान्याने दिलेली मोकळीक ही बंद कंपन्यांनाही आहे. तिथूनही काही परत येत नाही, आणि त्याबद्दल बीएसडीचे लोक अभिमानाने बोलतात. जीपीएल प्रकल्पाकडून परत आलेला कोड निदान वाचता तरी येतो. ज्या दारातून सर्वांना जाऊ दिले, त्यातून एकजण गेला म्हणून रागावता येत नाही.

ज्याला कॉपीलेफ्ट नको त्याला मार्गही उरतो. कॉपीराइट अभिव्यक्तीला आहे, कल्पनेला नाही. रीडलाइनच्या जागी बसणारी बीएसडी परवान्याची लिबएडिट आहे. बॅश या ग्नूच्या शेलला चौथ्या आवृत्तीपासून जीपीएलची तिसरी आवृत्ती लागू झाली. ॲपल बॅश ३.२ वरच थांबली आणि २०१९ च्या कॅटालिनापासून तिने झेडशेल हा डिफॉल्ट शेल केला. जीसीसीऐवजी तिने एलएलव्हीएम आणि क्लँगवर पैसा आणि माणसे लावली, आणि त्यातून साऱ्या जगाला एक उत्तम कंपायलर मिळाला. पेटंट असते तर ही वाट बंद झाली असती.

खरा अन्याय

आता तिसरा प्रश्न. कॉपीलेफ्टची नैतिक ताकद परस्परतेत आहे: जे बंधन तुझ्यावर, तेच माझ्यावर. लिनक्स कर्नलमध्ये हे अक्षरशः खरे आहे. त्याचे लेखक हजारो, प्रत्येकाचा कॉपीराइट त्याच्याकडे किंवा त्याच्या कंपनीकडे. त्यामुळे कुणीही, खुद्द टॉरवॉल्ड्सही, कर्नल बंद करून विकू शकत नाही. इंटेल, गूगल आणि रेड हॅट एकाच जमिनीवर उभे.

हीच परवान्याची अक्षरे एका कंपनीच्या हाती द्या आणि चित्र बदलते. मायएसक्यूएल एबी या कंपनीने आपला डेटाबेस जीपीएलखाली दिला आणि बाहेरच्यांकडून आलेल्या कोडचे हक्क करार करून स्वतःकडे घेतले. सर्वांचे हक्क एका हाती, म्हणून ती कंपनी तोच कोड बंद परवान्याखाली विकू शकत होती. तिने डेटाबेसशी बोलणारी क्लायंट लायब्ररीही एलजीपीएलवरून जीपीएलवर नेली. आता नुसता डेटाबेसशी संपर्क साधणाऱ्या प्रोग्रामच्या लेखकासमोर प्रश्न उभा राहिला: सगळे जीपीएल कर, नाहीतर परवाना विकत घे. पीएचपीसारख्या मुक्त प्रकल्पाचीही यात कोंडी झाली आणि २००४ मध्ये कंपनीला मुक्त सॉफ्टवेअरपुरता अपवाद जाहीर करावा लागला. २००८ मध्ये सनने ही कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली आणि पुढे सनसह ती ओरॅकलकडे गेली. बाहेरून आलेल्या प्रत्येक पॅचचे हक्कही तिच्याबरोबर गेले.

स्टॉलमन यांनी अशा अपवादांच्या विक्रीला मान्यता दिली आहे. त्यांचा युक्तिवाद असा की एमआयटीसारखा परवाना तरी काय करतो? तोही बंद प्रोग्रामात कोड घालू देतोच. मग त्यासाठी पैसे घेतले तर बिघडले कुठे? बिघडले ते इथे. एमआयटी परवाना ही मुभा सर्वांना देतो. विकलेला अपवाद ती एकट्या मालकाच्या मर्जीने देतो, आणि ज्याने पॅच लिहिला त्याला ती ना मिळते, ना तिच्या पैशात वाटा. परस्परता हेच ज्या परवान्याचे समर्थन, त्यातून एकाच पक्षाला सूट दिली की उरते ते फक्त बंधन. बामर यांनी वर्णन केलेला प्राणी जगात कुठे असलाच, तर तो इथे आहे.

पुढची पायरीही घडून गेली. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये एजीपीएल हा जीपीएलच्याच कुळातला परवाना सोडून एसएसपीएल हा स्वतः लिहिलेला परवाना घेतला. डेटाबेस सेवा म्हणून विकणाऱ्याने केवळ डेटाबेसचा नव्हे, तर सेवा चालवायला लागणाऱ्या व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप, साठवण या सगळ्या प्रोग्रामांचा सोर्स कोड त्याच परवान्याखाली द्यायचा, अशी त्यातली अट. हे प्रोग्राम मोंगोडीबीवर आधारलेले नाहीत, ते निराळे आहेत. म्हणजे स्वतंत्र कोडला हात लावायचा नाही ही जीपीएलने पाळलेली रेघ इथे उघडपणे ओलांडली गेली. आणि स्वतःची क्लाउड सेवा चालवणारी मोंगोडीबी मालक असल्यामुळे त्या अटीबाहेर. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता या परवान्याला मिळाली नाही, कंपनीने अर्ज मागे घेतला, आणि डेबियन व रेड हॅटने आपल्या वितरणांतून मोंगोडीबी काढून टाकली. हॅशिकॉर्प या कंपनीने २०२३ मध्ये आपले टेराफॉर्म हे साधन एमपीएलवरून बंधनांच्या परवान्यावर नेले, तेही हक्क एका हाती होते म्हणूनच. त्यातून ओपनटोफू ही फाटा फुटलेली आवृत्ती निघाली, कारण जुना कोड एमपीएलखाली आधीच बाहेर होता आणि तो परत घेता येत नव्हता.

तेव्हा निवाडा असा द्यावा लागेल. पाचशे ओळींचा धनी पन्नास हजार ओळींच्या धन्यावर अन्याय करत नाही, जोवर तो स्वतः त्याच अटीत राहतो आणि आपला हात सांध्यापलीकडे नेत नाही. ज्या लायब्ररीसारख्या दहा लायब्ररी बाजारात आहेत, तिच्या लेखकाने एलजीपीएल किंवा एमपीएल निवडावा. तिथे जीपीएलचा आग्रह धरून लोकांना दुसरीकडे वळवण्यापलीकडे फार काही साधत नाही. आणि पुण्यात, हैदराबादेत किंवा कुठेही बसून एखाद्या कंपनीच्या ओपन सोर्स प्रकल्पाला पॅच पाठवणाऱ्या तरुण डेव्हलपरांना एवढेच सांगणे: जीपीएल की एमआयटी हे पाहण्याआधी त्यांचा योगदान करार उघडा, आणि तुमचा कोड बंद करून विकण्याचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते का, ते वाचा. ठेवत असेल, तर पॅच पाठवायचा की नाही हे ते वाचल्यावर ठरवा.